साफ-इन्स्टंटची लाल पुडी आणि बिनसाखरेचा पाव

घरी साधा पाव करत असाल, म्हणजे मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढंच, साखर नाही दूध नाही बटर नाही, तर साफ-इन्स्टंट या ब्रँडच्या कोरड्या यीस्टची लाल पुडी घ्या, बिनधास्त घ्या. निकाल आधीच सांगून टाकते कारण पुढे मी बरंच लिहिणारे आणि ज्यांना फक्त काय घ्यायचं एवढंच हवंय त्यांचा वेळ कशाला घालवू. बाकीच्यांसाठी मात्र का ते नीट सांगायचंय, कारण यीस्टचे रिव्ह्यू बघितले तर सगळीकडे "मस्त फुगलं" नाहीतर "अजिबात फुगलं नाही" एवढंच असतं आणि त्यावरून आपल्या कामाचं यीस्ट कुठलं हे कळतच नाही. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय आणि पाव घरीच करते, त्यामुळे यीस्टकडे बघताना माझा प्रश्न एकच असतो, साखर संपल्यावर हे काय करतं?

हाच प्रश्न का, तर साखर असताना कुठलंही यीस्ट फुगवतंच हो. कोमट पाण्यात चमचाभर साखर घालून त्यावर यीस्ट टाकलं की दहा मिनिटांत फेस येतो आणि आपण खूश. पण त्यातून फक्त एवढंच कळतं की पेशी जिवंत आहेत. साध्या पावाच्या पिठात साखर असते किती? मैद्याची स्वतःची आयती साखर, म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज असं सगळं धरून साधारण १ ते २ टक्के, बास. ती यीस्ट पटापट खाऊन टाकतं. त्यातलं सुक्रोज तर पीठ भिजवल्यावर काही मिनिटांतच फुटतं, कारण ते फोडणारं इन्व्हर्टेज हे एन्झाइम यीस्टच्या पेशीच्या बाहेरच्या भिंतीत तयारच बसलेलं असतं. त्यानंतर पिठात उरते ती मुख्यतः माल्टोज नावाची साखर, जी पिठातलेच अमायलेज एन्झाइम स्टार्च तोडून तोडून हळूहळू बनवत असतात. आणि माल्टोज खायला यीस्टला वेगळी तयारी करावी लागते, ती आधीपासून झालेली नसते. म्हणजे साध्या पावाच्या मधल्या वेळात यीस्टवर खरोखर उपासमारीची वेळ येते आणि त्या वेळी ते किती लवकर सावरतं त्यावर तुमचा पाव ठरतो.

म्हणून मी जे करून बघितलं ते असं. सरळ उभ्या बरण्या घेतल्या, खाली वर सारख्याच रुंद, बाहेरून रबर बँड. प्रत्येकीत १०० ग्रॅम मैदा, ६२ ग्रॅम पाणी, २ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम यीस्ट, साखर शून्य. एकीत लाल पुडीचं यीस्ट, एकीत त्याच कंपनीच्या गोल्ड नावाच्या, गोड पिठासाठीच्या यीस्टचं, एकीत बाजारात सुटं मिळतं ते, त्या दुकानाचं नाव घेत नाही. सगळ्या एकाच ओट्यावर, एकाच तापमानाला. आणि फक्त शेवटची उंची बघायची नाही, दर पंधरा वीस मिनिटांनी पेनाने खूण करत जायचं, कारण सगळी गंमत खुणांमधल्या अंतरात आहे.

लाल पुडीच्या बरणीत सुरुवातीला खुणा लांब लांब पडत गेल्या, मग तासाभराच्या पुढे कधीतरी थोड्या जवळ आल्या, आणि मग परत लांब. तो मधला मंदपणा अगदी लक्ष देऊन बघितलं तरच कळतो. गोल्डचं सुरुवातच सावकाश आणि मधला रेंगाळलेला काळ चांगलाच मोठा, शेवटी पोचलं पण बऱ्याच उशिरा. सुट्या यीस्टचं पहिलं फुगणं ठीक होतं, बघून वाटावं की हे पण चांगलंय, पण साखर संपायच्या वेळेला जे थांबलं ते थांबलंच, वर पीठ चिकट आणि ढिलं पडलं. साखरेच्या पाण्यातल्या फेसाच्या परीक्षेत हेच सुटं यीस्ट पास झालं होतं बरं का, म्हणूनच मी त्या परीक्षेवर विश्वास ठेवत नाही.

आता आत काय चाललेलं असतं ते सांगते, हा भाग मला स्वतःला इतका आवडतो की आखडता हात घेणार नाही. यीस्टच्या पेशीला, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी तिचं नाव, डोळे नाक काही नाही, पण बाहेर ग्लुकोज किती आहे हे तिला फार बारकाईने कळतं. तिच्या पडद्यावर साखर आत घेणारी प्रथिनं असतात, एचएक्सटी नावाचं मोठं कुटुंब आहे त्यांचं. काही प्रथिनं साखर भरपूर असताना कामाची, ढिली पकड असलेली, एचएक्सटी-वन त्यातलं. काही साखर अगदी थोडी उरली असताना कामाची, घट्ट पकडीची, एचएक्सटी-सिक्स आणि एचएक्सटी-सेव्हन ही त्यातली. मग कुठली कधी बसवायची हे कोण ठरवतं? तर त्याच कुटुंबातली दोन प्रथिनं आहेत, एसएनएफ-थ्री आणि आरजीटी-टू, जी दिसायला साखर आत घेणाऱ्या प्रथिनांसारखीच पण साखर आत घेतच नाहीत, दारातून कोणाला आत सोडायचं नाही, नुसतं कोण येतंय ते बघून आत वर्दी द्यायची, असं राखणदाराचं काम करतात. आरजीटी-टूला भरपूर साखर कळते, एसएनएफ-थ्रीला थोडकी साखर कळते. या दोघांच्या शेपट्या पेशीच्या आत लांब पसरलेल्या असतात आणि तिथून निरोप पुढे जातो. उत्क्रांतीने साखर वाहून नेणाऱ्या प्रथिनाचंच साखर मोजणारं प्रथिन केलं, हे मी कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

पण पावाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती दुसरी यंत्रणा. ग्लुकोज आहे तोवर पेशी बाकीच्या साखरा खायची जीन्स दाबून ठेवते. ते दाबायचं काम मिग-वन नावाचं प्रथिन केंद्रकात बसून करतं. ग्लुकोज कमी झालं की एसएनएफ-वन नावाचं एक काइनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम, जागं होतं, ते मिग-वनला फॉस्फेट चिकटवतं आणि मिग-वन काही मिनिटांतच केंद्रकातून बाहेर पडतं. मग दाबलेली जीन्स उघडतात, सुक्रोजची, गॅलॅक्टोजची आणि आपल्याला हवी ती माल्टोजची. एसएनएफ हे नाव सुद्धा सुक्रोज आंबवता न येणाऱ्या म्युटंट, म्हणजे जीनमधे बिघाड झालेल्या, यीस्टवरून पडलंय, मरियन कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली असे म्युटंट शोधून काढले होते. आणि यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हेच काइनेज आपल्या पेशींमधे पण आहे, एएमपीके म्हणतात त्याला. ऊर्जा कमी पडली की आपल्या स्नायूत आणि लिव्हरमधे जे जागं होतं ते पावाच्या यीस्टमधल्या एसएनएफ-वनचंच भावंड आहे. डायबेटिसच्या संशोधनात एएमपीके हा शब्द सारखा येतो, आणि त्याच्याबद्दल आपल्याला जे कळलं त्यातलं बरंच यीस्ट उपाशी ठेवून कळलंय.

माल्टोजसाठी मात्र नुसतं ग्लुकोज संपून भागत नाही, माल्टोज समोर असावीही लागते, तेव्हा कुठे माल्टोज आत घेणारं प्रथिन आणि ती फोडणारं माल्टेज बनायला लागतं. हे सगळं नव्याने बनवायला वेळ जातो आणि तो वेळ म्हणजे बरणीवरच्या त्या जवळ जवळ आलेल्या खुणा. शिवाय ग्लुकोज अचानक संपलं तर पेशी पहिली प्रतिक्रिया म्हणून एक-दोन मिनिटांत नवीन प्रथिनं बनवणंच जवळजवळ थांबवते, शिल्लक ऊर्जा जपायला, आणि मग हळूहळू गरजेपुरतं सुरू करते. म्हणजे ज्या क्षणी नवीन एन्झाइम हवं त्याच क्षणी कारखाना बंद, अशी अडचण. साध्या पावासाठी निवडलेल्या यीस्टच्या जातींमधे ही अडचण कमी असते, काहींमधे माल्टोजची जीन्स ग्लुकोज असतानाही थोडी उघडीच असतात, म्हणून त्या फारशा अडखळत नाहीत. लाल पुडीचं वागणं बरोबर या प्रकारचं आहे. कंपनीने आत नेमकी कुठली जात घातलीय यावर मी बोलत नाही, बरणीत जे दिसलं त्यावर बोलतेय.

अजून एक गोष्ट, जी पुडीवर कुठे लिहिलेली नसते पण पुडीच्या दर्जाचा अर्धा भाग तीच आहे. कारखान्यात यीस्ट वाढवतात ते मुद्दाम अर्धपोटी ठेवून. उसाची किंवा बीटची मळी एकदम न देता थेंब थेंब देतात आणि खालून भरपूर हवा सोडतात. एकदम दिली तर हवा असूनसुद्धा यीस्ट साखरेचा अल्कोहोल करून टाकतं, त्याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात, आणि मग एक ग्रॅम साखरेतून जेमतेम ०.१ ग्रॅम यीस्ट हाती लागतं. थेंब थेंब दिली तर तीच साखर श्वसनाने पूर्ण जाळून एक ग्रॅममधून ०.५ ग्रॅमच्या आसपास सुकं यीस्ट मिळतं, पाचपट. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात ही पद्धत रुळली आणि आजही जगभर तीच आहे. शेवटी शेवटी तर खाणं आणखी आवळतात, आणि पुढे उपास घडणार हे ओळखून पेशी ट्रेहॅलोज नावाची साखर आत साठवायला लागते. हीच ट्रेहॅलोज पुढे तिला वाळवताना वाचवते, पाणी निघून गेलं तरी पेशीचा पडदा आणि प्रथिनं जागच्या जागी धरून ठेवते. चांगल्या इन्स्टंट यीस्टमधे पाणी ५ टक्क्यांच्या आसपास उरतं आणि तरी एका ग्रॅममधे हजार कोटींच्या आसपास पेशी परत जिवंत होतात. म्हणजे आपण दुकानातून आणतो ती खरं तर उपाशी राहायला नीट शिकवलेल्या पेशींची पुडी असते, आणि ते शिक्षण ज्या कारखान्यात घाईत उरकतात तिथलं यीस्ट पाणी लागल्यावर आतलं सगळं पिठात सांडून मरतं. मेलेल्या पेशींमधून ग्लुटाथायोन नावाचं रसायन बाहेर येतं, ते पिठाला ताण देणारं ग्लुटेन सैल करतं, म्हणून ते सुट्या यीस्टचं पीठ चिकट पडलेलं. असं यीस्ट दुप्पट घातलं तर पाव अजूनच बसतो, हे पण लक्षात ठेवा.

आणि कारखान्यात त्याने आयुष्यभर मळीतलं सुक्रोज खाल्लेलं असतं, माल्टोज त्याला फारशी भेटलेलीच नसते. तुमच्या पिठात ती त्याची पहिली ओळख.

आता गोल्डबद्दल, कारण वरचं वाचून वाटेल की मी गोल्डला नावं ठेवतेय, तसं अजिबात नाही. गोल्ड बनलंय उलट्या परिस्थितीसाठी. गोड बन, मिल्क ब्रेड, मैद्याच्या १० टक्क्यांच्या वर साखर असलेलं काहीही, तिथे उपासमार हा प्रश्नच नसतो, तिथे साखर इतकी असते की ती पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेते. अशा वेळी पेशी ग्लिसरॉल बनवून आत साठवते आणि पाणी धरून ठेवते, आणि गोल्डसारख्या जाती यात पटाईत असतात. शिवाय यांचं इन्व्हर्टेज कमी असतं, ते इथे फायद्याचं, कारण सुक्रोज फुटून एकाचे दोन रेणू झाले की पाणी अजूनच ओढलं जातं. गोड पिठात मी दोन्ही लावून बघितली तर लाल पुडी तासन् तास सुस्त आणि गोल्ड मस्त चढलेलं, एकदम उलटं चित्र. त्यामुळे गोल्ड महाग म्हणून चांगलं असं समजून साध्या पावाला घालू नका, दिवाळी-ख्रिसमसला गोड ब्रेड करणार असाल तर तेव्हा आणा. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडाच्या सुरेने पाव फुगवायचे, त्या सुरेतलं यीस्ट पण सुक्रोजने भरलेल्या रसातच वाढलेलं, त्यामुळे तिथून साध्या पिठात आल्यावर त्याला पण हा बदल करावाच लागत असणार, याचा विचार मी पाव खाताना बऱ्याचदा करते.

मग वापरायचं कसं. पहिलं म्हणजे इन्स्टंट यीस्ट साखरपाण्यात उठवायची गरज नाही, सरळ कोरड्या मैद्यात मिसळा, फक्त बर्फगार पाणी थेट त्याच्यावर ओतू नका, थंड पाण्याने पेशींचे पडदे गळके होतात. दुसरं, "जरा साखर घातली की चांगलं फुगतं" ही सवय साध्या पावाला सोडा. अर्धा किलो मैद्याला चमचाभर साखर म्हणजे साधारण १ टक्का, म्हणजे पिठात मुळात जेवढी आयती साखर आहे जवळपास तेवढीच अजून. त्याने सुरुवात जोरात होते हे खरं, पण ग्लुकोजची वेळ लांबते, मिग-वन आत बसूनच राहतं आणि माल्टोजची तयारी पुढे ढकलली जाते. संध्याकाळी पाव खायचाच असेल आणि घाई असेल तर घाला, पण रात्रभर फ्रिजमधे ठेवून सकाळी भाजणार असाल तर अजिबात नको.

तिसरं, माल्टोज वाढवा. चक्कीच्या आट्यात दळताना स्टार्चचे दाणे जास्त फुटतात, त्यावर अमायलेजला पटकन काम करता येतं, म्हणून मैद्यात थोडा चक्कीचा आटा मिसळला की मधला मंदपणा कमी होतो. मी अजून एक करते, मोड आणून सावलीत वाळवलेल्या नाचणीचं पीठ चिमूटभर घालते. न भाजलेलं हवं, भाजलं की एन्झाइम मरतं आणि नुसता रंग येतो. चिमूटभरच पण, जास्त झालं तर आतला लगदा चिकट होतो. बार्ली माल्ट मिळालं तर तेच काम करतं, पण आपल्याकडे नाचणी घरात असतेच.

चौथं, किती वेळ फुगवायचं. माल्टोजसुद्धा संपते शेवटी. उघड्यावर हवा असती तर यीस्टने स्वतः बनवलेलं अल्कोहोलच जाळून पुढे गुजराण केली असती, ते त्याला येतं, पण पिठातला ऑक्सिजन पहिल्या काही मिनिटांतच संपलेला असतो त्यामुळे तो रस्ता बंद. मग ते शांत होतं. पीठ खूप वेळ राहिलं तर दोन नुकसानं, एक तर गॅस धरून ठेवायची ताकद जाते, आणि दुसरं म्हणजे भाजताना वरच्या सालीला रंग यायला जी साखर उरायला हवी ती पण खाल्ली गेलेली असते, म्हणून पाव पांढुरका निघतो आणि लोक ओव्हनला दोष देतात. पाव नीट फुगलाय पण रंग येत नाहीये असं झालं तर पुढच्या वेळी तापमान वाढवायच्या आधी फुगवायची वेळ कमी करून बघा.

आता खरेदीचं. ५०० ग्रॅमची विटेसारखी कडक व्हॅक्यूमची पुडी येते, हाताला कडक लागलीच पाहिजे, मऊ किंवा फुगलेली असेल तर हवा आत गेलीय, ती घेऊ नका, मग वरची तारीख काहीही असो. आत यीस्टबरोबर सॉर्बिटान मोनोस्टिअरेट असतं, ते वाळलेल्या पेशीला पाणी नीट लागावं म्हणून, घाबरायचं कारण नाही. आठवड्यातून एकदा पाव करणाऱ्या घराला अर्धा किलो म्हणजे खूपच, १ ग्रॅममधे १०० ग्रॅम मैदा धरला तर हिशोब तुमचा तुम्ही करा, म्हणून दोघीतिघींनी मिळून घेऊन वाटून घेतलं तर उत्तम. छोटी पाकिटं मिळतात पण ग्रॅमला भाव बराच जास्त पडतो. पुडी फोडल्यावर मी सगळं काचेच्या बरणीत घट्ट झाकणाने बंद करून फ्रीजरमधे ठेवते आणि आठवड्याला लागेल तेवढं छोट्या डबीत काढून फ्रिजमधे. मोठी बरणी सारखी उघडबंद करायची नाही, पावसाळ्यात तर नाहीच, ओलावा लागला की पेशी अर्धवट जाग्या होतात, समोर खायला काही नसतं आणि साठवलेली ट्रेहॅलोज खाऊन संपवतात. मग तेच चांगलं यीस्ट महिन्याभरात त्या सुट्या यीस्टसारखं वागायला लागतं. पावसाळ्यात शंका आली तर साखरपाणी नाही, वरची बरणीची परीक्षाच घ्या, १०० ग्रॅम मैद्याची, आणि दुसऱ्या तासातल्या खुणा बघा.